चौदा बाटल्या खाली

शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा लावायच्या आत शुलामिथबाईंनी मोबाइल बंद करून स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये टाकला. त्याआधीच्या दोन मिनिटांत त्यांनी एक निरोप वाचला होता, त्याला उत्तर दिलं होतं आणि वहीत एक शब्द लिहिला होता. एखाद्याचा जीव जाईल एवढी चूक त्या दोन मिनिटांत होऊन गेली होती. बाईंना ती कळायला शनिवारचे तीन वाजले.

बाई चुका करणाऱ्यांतल्या नव्हेत, हे आधीच सांगायला हवं. एकतीस वर्षं त्यांनी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. प्रयोगशाळेतल्या बाटलीवर चिठ्ठी नसेल तर बाटली बाजूला आणि चिठ्ठी न लावणारा बाहेर, असा त्यांचा खाक्या. निवृत्तीनंतर त्या आणि त्यांचे थोरले भाऊ एलियाहू अष्टमकर, बाईंचे दादा, जुन्या पनवेलात एका तीन मजली इमारतीत राहत होते. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. चुलत, मावस, आते अशी झाडून सगळी भावंडं इस्राएलला निघून गेली होती. मागे राहिली ही दोघं आणि त्यांचा शनिवार.

शनिवार हे अष्टमकरांच्या घरातलं तिसरं माणूस होतं. बेने इस्राएल या कोकणातल्या यहुदी लोकांचे पूर्वी तेलाचे घाणे असत आणि शनिवारी, शब्बाथला, घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेलीच म्हणे. घाणे गेले, शनिवार उरला. बाई त्यातल्या त्यात सैल. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून फोन बंद, काम बंद, एवढंच पाळायच्या. दादांचं तसं नव्हतं. पंचाहत्तरीतही ते शनिवारी लिहीत नसत, काही उघडत-जोडत नसत, धूत-पुसत नसत; कानातलं यंत्रसुद्धा काढून ठेवत. "त्यालाही सुट्टी," म्हणत. आणि शनिवार संपला हे त्यांना घड्याळाने सांगून चालायचं नाही. गॅलरीत बसून स्वतःच्या डोळ्यांनी तीन तारे दिसले की मगच हात मोकळे. एरवी मात्र त्यांच्या हातांना स्वस्थता नव्हती. घरात आलेली वस्तू आधी धुवायची ही त्यांची खोड. नारळसुद्धा साबणाने धुऊन ठेवायचे.

आता निनादबद्दल. एका संस्थेने समुद्रातल्या कचऱ्यासाठी एक योजना काढली होती. एकेका किनाऱ्यावर एक शास्त्रज्ञ आणि एक चित्रकार जोडीने नेमायचा. शास्त्रज्ञाने समुद्र काय काय बाहेर टाकतो ते मोजायचं, चित्रकाराने त्यातून असं काही घडवायचं की चालता माणूस थांबून बघेल. उरणजवळचं करंजा बंदर बाईंच्या आणि निनादच्या वाट्याला आलं. निनाद चौतिशीचा, एकटा, चेंबूरला वाढलेला, सुकापूरच्या एका नव्या इमारतीत भाड्याच्या खोलीत काम करणारा. पहिले दोन महिने दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. बाईंच्या वहीत चार रकाने: वस्तू, पदार्थ, संख्या, स्थिती. निनाद मात्र उचललेली प्रत्येक गोष्ट धुण्याआधी तिचं चित्र काढत बसायचा.

"चप्पल म्हणजे चप्पल," बाई म्हणायच्या. "रबर, नग एक. पुढे चल."

"ही डाव्या पायाची आहे, मॅडम. अंगठा तुटलेला दोरीने बांधलाय. कुणीतरी चालत होतं ना हिच्यात."

"तो माझ्या रकान्यात बसत नाही."

बाईंना त्याची आणखी एक गोष्ट खटकायची, ती म्हणजे त्याचं मराठी. पाण्याची टाकी खाली, पाकीट खाली, पोट खाली. बाईंनी त्याला धारेवर धरलं होतं. खाली म्हणजे वर नव्हे ते. जे भरलेलं नाही त्याला रिकामं म्हणतात. निनाद हसला होता, पण पोरगा मनाचा सरळ. त्याने खरंच स्वतःला वळण लावून घेतलं. बाईंच्या हे लक्षातही आलं नाही. दुसऱ्याची चूक जितकी ठळक दिसते तितकी सुधारणा दिसत नाही, हे मास्तरकीचं जुनंच दुखणं.

हळूहळू त्यांचं जमलं, ते दादांमुळे. दादांनी एकदा निनादला चहा पाजता पाजता आपल्या पूर्वजांची गोष्ट सांगितली: फार फार वर्षांपूर्वी अलिबागेजवळ एक गलबत फुटलं आणि समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली सात पुरुष, सात बायका अशी चौदा माणसं जगली, त्यांचे आम्ही. निनाद चहा प्यायचा विसरला. समुद्र बाहेर टाकतो ते सगळंच कचरा नसतं, हेच त्याला दाखवायचं होतं. फाटक्या जाळ्यांचं गलबत करायचं आणि त्यात चौदा माणसं उभी करायची, असं त्याने ठरवलं. कशाची करायची, ते सापडत नव्हतं.

ते गणपतीनंतरच्या उधाणाने आणून दिलं. करंज्याला मासळी सुकवणारी रोशनी त्यांच्यासाठी जाळ्यात आलेला कचरा बाजूला ठेवायची. गुरुवारी तिने निनादला एक पोतं दिलं. त्यात ॲल्युमिनियमच्या बाटल्या होत्या, वीतभर उंच, खांदे असलेल्या, अगदी माणसासारख्या. निनादने मोजल्या आणि त्याच्या अंगावर काटा आला. चौदाच होत्या.

शुक्रवारी दुपारी त्याने बाईंच्या घरी येऊन आपली चित्रांची वही ठेवली. बाई बाजारात गेल्या होत्या. दार दादांनी उघडलं. संध्याकाळी बाई स्वयंपाकात गुंतलेल्या, सूर्य उतरायला लागलेला, तेव्हा त्यांना आठवलं की आपल्या वहीतली गुरुवारची ओळ अपुरी आहे. वस्तू: बाटल्या. पदार्थ: धातू. संख्या: चौदा. स्थिती: कोरं. त्यांनी घाईने निनादला विचारलं, "बाटल्यांची स्थिती काय?"

उत्तर आलं, "बाटल्या खाली आहेत. उद्या धुऊ ना?"

बाईंनी मनातल्या मनात त्याचं मराठी सुधारलं, रकान्यात 'रिकाम्या' लिहिलं आणि त्याला कळवलं, "हो. साबणाच्या पाण्यात भिजवून आतून-बाहेरून स्वच्छ धू." मग फोन ड्रॉवरमध्ये गेला आणि दिवा लागला.

शनिवारी दुपारी जेवणं झाली. दादांची झोप झाली. बाईंना वाचायला काही नव्हतं म्हणून त्यांनी निनादची वही उघडली. चित्रं त्यांनी आजवर नीट बघितलीच नव्हती. दोरीने बांधलेली चप्पल, तुटलेली बाहुली, खेकड्याने घर केलेला डबा. बघता बघता त्यांना आपल्या चार रकान्यांची थोडी लाजही वाटली. मग शेवटचं पान आलं.

त्या पानावर बाटली होती. झाकणाचे आटे, खांद्याजवळचा पोचा, अर्धा सोललेला कागद, सगळं हुबेहूब. कागदावरची अक्षरं कुठल्यातरी परक्या लिपीतली. निनादला वाचता येत नव्हती, म्हणून त्याने ती नक्षीसारखी जशीच्या तशी उतरवली होती. कोपऱ्यात नारळासारखं काहीतरी, नीट बघितलं तर कवटीचा वरचा अर्धा भाग, आणि त्याखाली इंग्रजी अक्षरं: मोठा ए, लहान एल, मोठा पी. शेजारी निनादच्या बारीक अक्षरात टीप होती. 'हलवली की खुळखुळते. मस्त आवाज. झाकणापाशी लसणीचा वास, का सुक्या मासळीचा?'

बाईंनी ते पुन्हा वाचलं.

ए, एल, पी. ॲल्युमिनियम फॉस्फाइड. धान्याच्या जहाजात किडे मारायला ज्या गोळ्या टाकतात त्या. नुसत्या दमट हवेनेसुद्धा त्यांतून विषारी वायू सुटतो, आणि पाणी लागलं तर बघायलाच नको. बंद खोलीत माणूस मुंगीसारखा मरतो. वास लसणीचा, किंवा कुजक्या मासळीचा. आणि करंज्याहून आलेल्या पोत्याला मासळीचा वास येतो म्हणून कोण दचकणार? पण रिकामी बाटली खुळखुळत नाही. मग निनादने खाली आहेत म्हणून का लिहिलं?

तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. जड सामान निनाद इमारतीच्या जिन्याखाली ठेवतो. बाटल्या खाली आहेत. जिन्याखाली आहेत. पोराने बाईंनी शिकवलेलं मराठी लिहिलं होतं आणि बाईंनी त्याचं जुनं मराठी वाचलं होतं. शिवाय उत्तर धाडलं होतं, की साबणाच्या पाण्यात भिजव, आतून धू.

निनादची वही पिशवीत टाकून त्या स्वयंपाकघरात गेल्या. ड्रॉवर उघडताना दादांनी पाहिलं.

"शनिवार आहे, शुला."

"जिवाचा प्रश्न आहे, दादा."

कानात यंत्र नव्हतं, पण दादांनी ओठ वाचले असावेत. "मग विचारतेस काय? जीव आधी, शनिवार मागून. जा." कुणाचा जीव, कशाने, ते त्यांनी विचारलं नाही आणि ओरडून सांगत बसायला बाईंना सवड नव्हती. ही त्यांची दुसरी चूक.

निनादचा फोन वाजून वाजून बंद पडला. पाच वेळा. जिना उतरता उतरता त्यांनी रोशनीला लावला.

"त्या बाटल्या उघडल्या होत्यास का गं तू?"

"नाय ताई. आमी कशाला उघडतोय? वास येतंय त्यांना."

"पण रिकाम्या होत्या ना?"

"खाली कुठं? भरल्याल्या हायेत. मी बोलले व्हते त्याला. का ओ, काय झालं?"

बाईंनी रिक्षा थांबवली. अग्निशमन दलाला फोन केला, पत्ता सांगितला, पाणी मारू नका, पाणी अजिबात नको, असं तीनदा बजावलं. पलीकडच्या माणसाला वाटलं बाई घाबरून बरळतायत. आगवाल्यांना पाणी नको म्हणणारं कोण असतं. बाईंनी फोन पिशवीत टाकला. त्यांना भीती वाटत होती, सरळ साधी, लहान मुलाला वाटते तशी. निनाद मेला तर तो गोळ्यांनी मेला असं जग म्हणेल. तो आपल्या एका शब्दाने मेला, हे फक्त आपल्याला ठाऊक असेल, आणि तो शब्द आपल्याच वळणदार अक्षरात वहीत असेल. पुलावर गाड्या खोळंबल्या होत्या. रिक्षावाला आरशातून त्यांच्याकडे बघत होता आणि एकदाही हॉर्नवरून हात काढत नव्हता.

सुकापूरच्या त्या इमारतीत अर्धी घरं अजून बिनभाडेकरूची होती. शेजारी टॉवर उभा राहत होता आणि सिमेंटची धूळ सगळ्यांवर सारखी बसली होती. रखवालदार गणू खुर्चीत पेंगत होता.

"निनाद कुठाय?"

"वरच हायत की. जेवण करून गेलं वर. खिडक्या लावून बसतात, धूळ येते ना."

"बाटल्या?"

"एकच नेली हातात. बाकीच्या हितं, जिन्याखाली."

बाई पहिल्या मजल्यावर पोचल्या तोच वास आला. कुणीतरी लसूण ठेचून विसरून गेल्यासारखा. एकतीस वर्षं त्यांनी हा वास पुस्तकातून शिकवला होता. नाकाने आज पहिल्यांदा घेतला. त्यांनी पदर नाकाला लावला, मग त्याचा काही उपयोग नाही हे आठवून सोडून दिला आणि छातीभर श्वास घेऊन कोंडून धरला.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत निनाद भिंतीशी कुशीवर पडला होता. शेजारी ओकारी. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर राखाडी भुकटी आणि भुकटीत सातआठ शाबूत गोळ्या. आणि टेबलाच्या पायाशी बादली. काठोकाठ भरलेली, वर साबणाचा फेस. बाईंनी सांगितलं होतं तशीच. त्याला ओकारी दहा मिनिटं उशिरा आली असती तर उरल्यासुरल्या गोळ्यांसकट बाटली त्या बादलीत गेली असती.

बाईंनी त्याच्या काखेत हात घातले. वयाच्या साठीला माणसाला किती ओढता येतं हे त्यांना माहीत नव्हतं; त्यांनी ओढलं. गणू धावत आला, त्याने पाय धरले. उंबऱ्याबाहेर येताच बाईंनी पायाने दार लोटलं आणि मग श्वास सोडला. खाली मोकळ्या हवेत आणल्यावर निनादने डोळे उघडले. "मिसळ बाधली, मॅडम," तो पुटपुटला. बाईंना हसू आलं आणि लगेच रडू आलं, पण ते त्यांनी गिळलं, कारण अजून इमारत रिकामी करायची होती. गणूला त्यांनी घराघरांतून माणसं बाहेर काढायला पाठवलं आणि बंब येताच निनादला घेऊन निघाल्या.

हॉस्पिटलात निनादच्या तोंडाला ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण गडबडल्या नाहीत. या विषावर उतारा नाही, त्या म्हणाल्या. बाहेर काढणं हाच उतारा, आणि तो तुम्ही वेळेत दिलात. फुप्फुसं कशी राहतात ते उद्या दुपारपर्यंत कळेल. कोणतं विष हे तुम्ही ठामपणे सांगितलंत म्हणून बरं झालं, नाहीतर अन्नातून बाधा झाली असं समजून आम्ही भलतीच वाट धरली असती. बाईंनी पिशवीतून निनादची वही काढून ते पान दाखवलं. "मी नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. "याने काढून ठेवलं होतं. माझ्या वहीत तर रिकाम्या असं लिहिलंय."

सहा वाजायच्या सुमारास अग्निशमन दलाच्या माणसाचा फोन आला. पाणी नको हे त्यांना आता पटलं होतं. वरची भुकटी कोरड्या वाळूत घेतली, ती बाटली घेतली आणि जिन्याखालच्याही घेतल्या.

"किती?" बाईंनी विचारलं.

"खाली बारा, वर एक. तेरा."

"चौदा आहेत."

"मॅडम, सगळीकडे बघितलं. तेराच."

बाई भिंतीला टेकल्या. चौदावी बाटली कुठे गेली? भंगारवाल्याकडे? कुणा मुलाच्या हातात, खुळखुळा म्हणून? एवढ्या मोठ्या पनवेलात एक वीतभर बाटली शोधायची कुठे? त्या निनादच्या पलंगाशी गेल्या. तो अर्धवट गुंगीत होता.

"निनाद, चौदावी कुठाय?"

त्याचे ओठ मुखवट्याआड हलले, पण शब्द काही कळेना. बाईंनी कान जवळ नेला, नुसती वाफ. त्याने उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं जुळवून हवेत हलवली. बाईंनी पेन दिलं, चित्रांची वही छातीवर धरली. पहिली रेघ पानाबाहेर गेली. मग एक गोल. गोलावर छोटी टोपी. जाड चष्मा. खाली वाकलेलं नाक. आणि त्या माणसाच्या हातात, अगदी नीट, खांद्यांसकट, एक बाटली.

चार रेघांत बाईंनी आपल्या भावाला ओळखलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं त्या मुलींना वर्गात कितीदा म्हणाल्या असतील. निनादने शुक्रवारी नुसती वही आणली नव्हती. चौदांतला एक माणूस त्याने दादांना भेट दिला होता, गोष्ट त्यांची म्हणून. आणि दादा घरात आलेली प्रत्येक वस्तू धुतात.

बाईंनी घरी फोन लावला. घंटी वाजत राहिली. दादांच्या कानात यंत्र नव्हतं, आणि असतं तरी शनिवारी त्यांनी फोन उचलला नसता. शेजारच्या वसुंधरावहिनी लेकीकडे पुण्याला. तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याचा नंबर बाईंनी कधी घेतलाच नव्हता. अग्निशमन दलाला पत्ता सांगून त्या रिक्षात बसल्या.

एकच आधार होता. काल दुपारी बाटली आली तेव्हा दादा शब्बाथच्या तयारीत असणार, अंघोळ, कपडे. बाटली त्यांनी ठेवून दिली असेल. आणि आज दिवसभर ते तिला हात लावणार नाहीत. उघडणं म्हणजे काम, धुणं म्हणजे काम. शनिवार दादांच्या दाराशी पहारा देत उभा होता. बाईंनी मान बाहेर काढून वर बघितलं आणि त्यांची पाचावर धारण बसली. सूर्य गेला होता. पश्चिमेला नुसता तांबूस पट्टा राहिला होता. पहारेकरी घरी जायला निघाला होता.

तीन तारे. एवढाच वेळ होता त्यांच्याकडे. एरवी शनिवारी त्या स्वतःच गॅलरीत दादांच्या शेजारी उभ्या राहायच्या आणि लवकर दिसू दे रे बाबा म्हणायच्या, कारण चहाची तलफ आलेली असायची. आज त्या पुलावर गाड्यांच्या रांगेत अडकून देवाकडे उलटं मागत होत्या. ढग येऊ दे. धूळ येऊ दे. विमानतळाचे, टॉवरचे, दुकानांचे सगळे दिवे भडक लागू दे. जन्मभर ज्या धुरळ्याला नावं ठेवली तो धुरळा त्यांना त्या घडीला हवा होता. पुलाच्या उतारावर त्यांना पहिला तारा दिसला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

घराखाली बंब अजून पोचला नव्हता. आपल्या इमारतीचा जिना चढताना लसणीचा वास आला. पहिल्या मजल्यावरच कठडा धरून त्या उभ्या राहिल्या. आत कुणाच्या तरी कढईत फोडणी चर्र वाजली. नुसती लसणीची फोडणी. त्या धडपडत वर गेल्या, किल्लीने दार उघडलं. घरात अंधार होता. शब्बाथ संपेपर्यंत दादा दिवा लावत नसत.

दादा गॅलरीत खुर्चीवर होते. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर बाटली. शेजारी स्टुलावर साबण, पक्कड आणि पाण्याने भरलेलं पातेलं. त्यांची मान मागे पडली होती आणि तोंड उघडं होतं.

"दादा."

ते हलले नाहीत. बाईंना पाऊल पुढे टाकवेना. या घरात आता आपण एकट्या, एवढंच त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी ते पाऊल टाकलं आणि भावाच्या खांद्याला हात लावला.

दादा दचकले. "अगं, केवढ्याने दचकवतेस. बरी आलीस. तुझे डोळे चांगले आहेत, जरा बघ." त्यांनी आकाशाकडे बोट दाखवलं. "मघापासून मान अवघडली. दोनच दिसतायत. तिसरा दिसला म्हणून झाकणाला पक्कड लावली, तर तो चालायलाच लागला. विमान निघालं." ते हसले. "पोराने बाटली दिलीय. चौदातला एक म्हणे. आत काहीतरी खुळखुळतंय, ते काढून स्वच्छ धुवावी म्हटलं, तुला दाखवायला."

बाईंनी दोन्ही हातांनी, झोपलेलं मूल उचलावं तशी, ती बाटली दादांच्या मांडीवरून अलगद उचलली. झाकणावर पकडीचे दोन ताजे ओरखडे होते. मग पायाने त्यांनी पाण्याचं पातेलं दूर सारलं.

"आला," दादा म्हणाले. समोर उभ्या राहणाऱ्या एका टॉवरच्या क्रेनवर, धुळीतून, तिसरा तारा स्पष्ट दिसत होता. त्यांनी समाधानाने हात चोळले, पक्कड उचलली आणि मांडीवर बघितलं. तिथे नुसता टॉवेल होता.